सहाच उंदीर का? प्राण्यांवरील प्रयोगांविषयी एका पशुवैद्यकाचे उत्तर

प्रश्न लातूरच्या एका विद्यार्थिनीचा आहे. त्या बी. फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहेत, पुढे औषधशास्त्र घेऊन एम. फार्म. करण्याचा त्यांचा विचार आहे आणि त्यात प्राण्यांवर प्रयोग करावे लागतील हे त्यांना ठाऊक आहे. घर माळकरी आहे. आजोबांचे म्हणणे असे की, पैठणच्या नाथांनी रामेश्वराला न्यायची गंगेची कावड तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी रिती केली, आणि त्यांचे नाव घेणाऱ्या घरातल्या लेकीने मुक्या जिवाला सुया टोचाव्यात हे बरे नव्हे. वर्गातली मैत्रीण म्हणते की उंदरावर चाललेले औषध माणसावर चालतेच असे नाही, तेव्हा हा सगळा खटाटोपच फोल आहे. शिक्षक म्हणतात की प्राण्यांशिवाय आजवर एकही औषध बाजारात आलेले नाही, म्हणून भावनेच्या आहारी जाऊ नका. या तिघांत बरोबर कोण, असे त्यांनी विचारले आहे.

मी पशुवैद्यक आहे. परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर काही वर्षे तालुक्याच्या दवाखान्यात गुरे तपासली आणि नंतरची सतरा-अठरा वर्षे मराठवाड्यातल्या निरनिराळ्या महाविद्यालयांच्या प्राणी-नैतिकता समित्यांवर पशुवैद्यक सदस्य म्हणून बसलो. सकाळी अडलेली शेळी सोडवायची आणि दुपारी तीस उंदरांच्या मरणाला परवानगी देणाऱ्या कागदावर सही करायची, असे दिवस मी पाहिले आहेत. तिघांचेही थोडेथोडे खरे आहे, असे सांगून मोकळे होता येईल, पण त्याने तुमचा निर्णय होणार नाही. माझे मत असे आहे की काही मोजक्या कामांसाठी प्राणी आजही टाळता येत नाहीत, आणि आपल्या महाविद्यालयांत प्राण्यांवर जे प्रयोग होतात त्यांतले बरेचसे त्या मोजक्या कामांत बसत नाहीत.

टाळता येत नाही म्हणजे नेमके काय, ते सर्पदंशावरून सांगतो, कारण आपल्या भागात ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. सोयाबीन खुरपताना घोणस चावते, पावसाळ्यात घरात भुईवर अंथरूण टाकून झोपलेल्याला मण्यार चावते, आणि पहाटे पोट दुखते म्हणून उठलेल्या माणसाच्या पापण्या उजाडेपर्यंत मिटायला लागतात. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली असा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००. यावर औषध एकच आहे, ज्याला आपण सर्रास ‘सापाची लस’ म्हणतो. खरे तर ती लस नव्हे. ती घोड्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे, म्हणजे विष निकामी करणारी प्रथिने आहेत. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचे विष अगदी अल्प मात्रेत घोड्याला टोचतात, मात्रा हळूहळू वाढवत नेतात, घोड्याच्या शरीराने पुरेशी प्रतिपिंडे बनवली की रक्त काढतात, त्यातला द्रव भाग वेगळा करतात, आणि व्यवस्था नीट असेल तेथे तांबड्या पेशी घोड्याला परत देतात. टोचल्या जागी सूज येते, कधी गळू होते. घोडा मरत नाही, पण वर्षानुवर्षे हेच त्याचे आयुष्य असते.

बहुतेकांना एवढेच ठाऊक असते. उंदराची गोष्ट पुढची आहे. कुपीतल्या औषधाला पुरेसे बळ आहे की नाही, हे ठरवण्यासाठी आपल्याकडे मोजमाप घालून दिलेले आहे: एक मिलिलिटर औषधाने नागाचे ०.६ मिलिग्रॅम, घोणसचे ०.६, मण्यारचे ०.४५ आणि फुरशाचे ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी झाले पाहिजे. ते झाले की नाही हे तपासताना विष आणि औषध ठरावीक प्रमाणात मिसळून छोट्या पांढऱ्या उंदरांना टोचतात आणि किती जगले, किती मेले ते मोजतात. या परीक्षेत काही उंदीर मरावेच लागतात, कारण मरणाच्या प्रमाणावरूनच औषधाचे बळ कळते. हे वाचायला बरे वाटत नाही, पण ते सौम्य शब्दांत सांगणे तुमच्या प्रश्नाशी अप्रामाणिक ठरेल. बळ न तपासलेली कुपी ग्रामीण रुग्णालयात पोचली, तर ती तपासणी शेवटी रात्री दोन वाजता आणलेल्या सालगड्यावर होते.

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत मी दरवर्षी घोडे पाहायला जातो. नाद आहे. झुली घातलेले, कानांची टोके जुळवून उभे राहणारे ते घोडे पाहताना कुपीमागच्या घोड्याची आठवण होत नाही, असे एकही वर्ष गेले नाही. त्याला सोडवायचे प्रयत्न चालू आहेत. २०२४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील आणि अमेरिकेतील संशोधकांनी मिळून प्रयोगशाळेतच घडवलेले एक मानवी प्रतिपिंड प्रसिद्ध केले. नाग-मण्यारांच्या कुळातल्या अनेक सापांच्या विषात मज्जासंस्था बधिर करणारे जे एक प्रकारचे प्रथिन असते, त्याला हे प्रतिपिंड अडवते. त्यात घोडा नाही. मात्र ते खरेच जीव वाचवते का, हे त्यांनी उंदरांवरच तपासले. म्हणजे घोडा बहुधा आधी सुटेल आणि उंदीर त्याच्या बऱ्याच मागून.

आता मैत्रिणीच्या बाजूचे. आपल्याच भागातले उदाहरण घ्यायचे तर डॉ. हिंमतराव बावस्करांचे घ्यावे, जे मूळचे जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातील देहेडचे. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात माणसे मरत, विशेषतः मुले. महाडच्या परिसरात काम करताना त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, फुप्फुसात साठणारे पाणी यांच्या नोंदी ठेवल्या, विषामुळे रक्तवाहिन्या आवळल्या जाऊन हृदयावर ताण येतो हे ओळखले, आणि रक्तदाबासाठी आधीपासून वापरात असलेले प्राझोसिन हे साधे औषध देऊन पाहिले. मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले. यात निर्णायक पायरी प्राण्यावरच्या प्रयोगाची नव्हती, तर खाटेजवळ बसून केलेल्या निरीक्षणाची होती. अर्थात प्राझोसिन रक्तदाबाचे औषध म्हणून बाजारात आले तेव्हा ते प्राण्यांवर तपासले गेलेलेच होते, हेही मैत्रिणीला सांगा.

उंदरावर चालले ते माणसावर चालेलच असे नाही, हे मात्र निर्विवाद आहे, आणि त्याची किंमत माणसांनी मोजली आहे. मार्च २००६ मध्ये लंडनमध्ये ‘टीजीएन १४१२’ नावाचे प्रतिपिंड पहिल्यांदा सहा निरोगी स्वयंसेवकांना दिले. माकडांना त्याच्या पाचशे पट मात्रा देऊनही काही झाले नव्हते. या सहाही जणांची प्रतिकारशक्ती काही तासांत स्वतःच्या शरीरावर उलटली आणि सर्वांना अतिदक्षता विभागात हलवावे लागले. नंतर कळले की ज्या पेशींवर हे औषध काम करते त्यांतल्या एका प्रकाराच्या पृष्ठभागावर औषध ज्याला चिकटते तो रेणू त्या जातीच्या माकडांत नसतोच. उलट बाजूचे उदाहरण पेनिसिलीनचे. मे १९४० मध्ये ऑक्सफर्डला आठ उंदरांना प्राणघातक जंतू टोचून त्यांतल्या चौघांना पेनिसिलीन दिले, ते चौघे जगले आणि पुढचा इतिहास घडला. त्या दिवशी उंदरांऐवजी गिनीपिग घेतले असते, तर औषधाला विष ठरवून बाजूला टाकले गेले असते, कारण गिनीपिगला पेनिसिलीन सोसत नाही.

थॅलिडोमाइडचे उदाहरण दोन्ही बाजू देतात आणि दोन्ही बाजू ते अर्धवट देतात. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत बाजारात आलेले आणि १९६१ च्या अखेरीस मागे घेतलेले हे झोपेचे औषध गर्भवतींना दिल्यामुळे जगभरात दहा हजारांहून अधिक बालके हातापायांच्या व्यंगांसह जन्मली. प्राण्यांवर तपासूनही असे झाले, असे एक बाजू म्हणते. पण गाभण प्राण्यांवर ते नीट तपासलेच नव्हते. मग तपासले असते तर कळले असते, असे दुसरी बाजू म्हणते. ते कोणत्या प्राण्यावर तपासले असते त्यावर अवलंबून होते, कारण पुढे केलेल्या प्रयोगांत उंदरांत हे व्यंग फारसे दिसले नाही आणि सशांत व माकडांत दिसले. प्रश्न नीट विचारला नाही आणि प्राणीही चुकीचा निवडला, तर उत्तर कागदावर कितीही नेटके दिसो, ते उत्तर नसते.

मैत्रिणीच्या हाती एक आकडा नक्की असेल: माणसांवरील चाचण्यांपर्यंत पोचलेल्या दहा औषधांपैकी नऊ शेवटपर्यंत टिकत नाहीत. आकडा ढोबळमानाने खरा आहे, पण त्याचा अर्थ काढताना सांभाळावे लागते. एक तर त्यांतली पुष्कळ औषधे विषारी ठरली म्हणून नव्हे, तर अपेक्षित गुण आला नाही म्हणून गळतात. दुसरे असे की प्राण्यांच्या पायरीवरच जी हजारो रसायने बाद झाली, ती या हिशेबात कुठेच नाहीत. चाळणीतून खाली पडलेल्या पिठात कोंडा किती राहिला ते मोजता येते, पण चाळणीत अडकलेला कोंडा आपण टाकून दिलेला असतो, म्हणून चाळणी निरुपयोगी होती असे म्हणता येत नाही. मात्र चाळणीची भोके मोठी आहेत, हे मान्य केलेच पाहिजे.

ती मोठी का आहेत, यासाठी पक्षाघाताच्या औषधांचा अनुभव पाहावा. मेंदूच्या पेशी वाचवणारी एक हजाराहून अधिक औषधे प्रयोगशाळांत तपासली गेली, त्यांतली बरीचशी उंदरांत गुणकारी दिसली आणि माणसांत जवळजवळ सगळी अपयशी ठरली. उंदीर काही खोटे बोलला नव्हता. प्रयोगातला उंदीर तरुण, निरोगी, बहुधा नर. त्याची रक्तवाहिनी संशोधकानेच बंद केलेली आणि औषध काही मिनिटांत दिलेले. शिवाय कोणत्या उंदराला औषध मिळाले हे मोजणाऱ्यालाच ठाऊक. आपला रुग्ण पासष्ट वर्षांचा, रक्तदाब आणि साखर दोन्ही वाढलेली, रात्री कधीतरी हात लुळा पडलेला, आणि पाटोद्याच्या एखाद्या वस्तीवरून मिळेल त्या जीपमध्ये घालून संभाजीनगरला पोचेपर्यंत दुपार झालेली. या दोघांचा मेळ बसला नाही तर त्यात नवल काय? दोष जितका जातीतल्या फरकाचा, तितकाच प्रयोगाच्या आखणीचा आहे, आणि माझ्या मुद्द्याची वाट इथूनच जाते.

शिक्षकांचे विधान तपासायला फार वेळ लागणार नाही. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइडचे एक पातळ औषध विषारी द्रावकात विरघळवून, प्राण्यांवरसुद्धा न तपासता विकले गेले आणि शंभराहून अधिक माणसे दगावली, ज्यांत लहान मुले बरीच होती. त्यातून पुढच्या वर्षी तिथला औषध कायदा आला. १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेने माणसावरच्या प्रयोगाआधी प्राण्यांवरच्या प्रयोगांचा आधार असावा असे सांगितले. पुढे जगभर कायद्यांनीच ती पायरी सक्तीची केली. तेव्हा प्राण्यांशिवाय एकही औषध आले नाही असे म्हणणे हे टोल भरल्याशिवाय एकही गाडी पुण्याला पोचली नाही, म्हणून गाडी टोलवर चालते असे म्हणण्यासारखे आहे. कायदा आता बदलू लागला आहे. अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये प्राणिचाचणीची सक्ती काढली, आणि आपल्याकडे नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियम, २०१९ यांत मार्च २०२३ मध्ये दुरुस्ती होऊन मानवी पेशी, चिपवर पेशींनी उभारलेल्या अवयवांच्या प्रतिकृती, संगणकीय प्रारूपे अशा पद्धतींना जागा मिळाली. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरील चाचणी तर भारतात २०१४ पासूनच बंद आहे आणि त्याने कुणाचे काही अडलेले नाही.

जुना मार्ग सोडल्याने माणसाचेही भले होते, हे मी डोळ्यांनी पाहिलेले आहे. तुमच्या आजोबांना कुत्रा चावल्यावर पोटात घ्यायची चौदा इंजेक्शने आठवत असतील. ती लस मेंढीच्या मेंदूपासून बने: मेंढीला रेबीज द्यायचा, ती आजारी पडली की मारायची, मेंदू काढून त्यातले विषाणू फिनॉलने निष्क्रिय करायचे. त्या मेंदूच्या अंशांमुळे काही माणसांना लसीनेच अर्धांग होई. आपल्याकडे तिचे उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबले आणि तिची जागा पेशींवर वाढवलेल्या लसींनी घेतली. त्यांतल्या व्हेरो पेशींची कुळकथा १९६२ मध्ये जपानमध्ये एका आफ्रिकन हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातून सुरू झाली, आणि त्याच पेशींचे वंशज आजही जगभर वाढवले जातात. एका माकडामुळे किती मेंढ्या वाचल्या, त्याचा हिशेब कुणी केला असेल तर मला तो पाहायला आवडेल. बुळकांडी या गुरांच्या जीवघेण्या साथरोगाचेही तसेच झाले. १९२० च्या दशकात आताच्या उत्तराखंडातल्या मुक्तेश्वरला शेळ्यांमध्ये विषाणू वाढवून लस केली गेली, १९६० च्या सुमारास केनियात ती पेशींवर वाढवता आली, आणि २०११ मध्ये बुळकांडी जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. माझ्या आजोळच्या गोठ्यातली अख्खी दावण बुळकांडीने रिकामी झाल्याची गोष्ट आजी सांगत असे. माझ्या विद्यार्थ्यांना तो शब्दही ठाऊक नाही.

आता समितीच्या टेबलावर येतो, कारण तुमचा संबंध पेनिसिलीनशी येणार नसून या टेबलाशी येणार आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला कायदा १९६० चा आहे, आणि त्यामागे प्रसिद्ध नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत मांडलेले विधेयक होते. या कायद्याने प्रयोगांवर बंदी घातली नाही, पण अटी घातल्या: पुस्तके, प्रतिकृती, चित्रफिती यांनी काम भागत असेल तर शिक्षणासाठी प्राणी वापरू नये, लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा घेऊ नये, आणि केवळ हात बसावा म्हणून प्रयोग करू नये. १९९८ च्या नियमांनी संस्थांची नोंदणी आणि पूर्वपरवानगी सक्तीची केली. तुम्ही जो ‘फॉर्म बी’, म्हणजे प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज, भराल तो संस्थेच्या समितीपुढे येतो. तिथे संस्थेतले शास्त्रज्ञ असतात, बाहेरचा एक शास्त्रज्ञ असतो, माझ्यासारखा पशुवैद्यक असतो, विज्ञानाबाहेरचा एक जाणता नागरिक असतो आणि केंद्राच्या समितीने नेमलेला प्रतिनिधी असतो. कुत्रा, माकड, घोडा असे मोठे प्राणी हवे असतील तर प्रस्ताव दिल्लीला जातो.

या टेबलावर मी जे शेकडो अर्ज वाचले त्यांतले निम्मे तरी मला पाठ म्हणून दाखवता येतील. एक वनस्पती घ्यायची: जांभळाचे बी, कारले, गुळवेल, कडुनिंब, नाहीतर बांधावरचे एखादे तण. तिचा अल्कोहोलमध्ये अर्क काढायचा. स्ट्रेप्टोझोटोसिन टोचून उंदराच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलीन बनवणाऱ्या पेशी मारायच्या, म्हणजे उंदीर मधुमेही होतो. मग पाच गट: निरोगी, मधुमेही, ग्लिबेनक्लामाइड हे मधुमेहाचे औषध दिलेला, अर्काची कमी मात्रा, अर्काची जास्त मात्रा. प्रत्येक गटात सहा. सहा पाचे तीस. मधुमेह नसेल तर सूज: पंजात कॅराजीनन हा सूज आणणारा पदार्थ टोचायचा आणि पंजा किती फुगला ते मोजायचे. निष्कर्ष ठरलेला असतो: अर्क गुणकारी आहे, पुढील संशोधनाची गरज आहे. ते पुढील संशोधन कुणी करत नाही, कारण अर्कात नेमके काय होते, वनस्पती कोणत्या शिवारातली, कोणत्या महिन्यात तोडलेली, यांचा पत्ता नसल्याने दुसऱ्याला तो अर्क पुन्हा तसाच बनवताच येत नाही. कारल्यावर हाच प्रयोग नांदेडला झालेला असतो, परभणीला झालेला असतो, आणि पुन्हा तुमच्याकडे होतो.

मी प्रत्येक विद्यार्थ्याला एकच प्रश्न विचारतो: सहाच का? उत्तर बहुधा असे मिळते की सरांनी सांगितले, किंवा मागच्या प्रबंधात सहा होते. सहा हा आकडा कुठल्याही देवाने नेमून दिलेला नाही. रक्तातली साखर उंदरागणिक किती वरखाली होते आणि किती फरक दिसला तर तो वैद्यकीयदृष्ट्या कामाचा मानायचा, या दोन गोष्टी ठाऊक असतील तर किती प्राणी लागतील ते गणिताने काढता येते. कधी चार पुरतात, कधी दहा लागतात. रसेल आणि बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये मांडलेली तीन तत्त्वे, म्हणजे पर्याय शोधणे, संख्या घटवणे आणि वेदना कमी करणे, आपल्याकडच्या परीक्षेत सगळ्यांना तोंडपाठ असतात. पण संख्या घटवणे म्हणजे संख्येत घासाघीस करणे, असा समज समित्यांतही आहे. एका बैठकीत गटागणिक आठ प्राणी मागणाऱ्या मुलाला आम्ही दयाळूपणे चारवर आणले. सही माझीही होती. त्याच्या आकड्यांतून काहीच ठरवता आले नाही, आणि पुढच्या वर्षी त्याच विषयावर दुसऱ्या मुलाने नवे प्राणी घेऊन पहिल्यापासून सुरुवात केली. पहिले वीस उंदीर आमच्या दयेने फुकट गेले. मुद्दाम क्रूरपणे वागणारा विद्यार्थी मला इतक्या वर्षांत दोनदाच भेटला असेल. फुकट गेलेले प्राणी मात्र किती, ते मोजवत नाहीत.

फुकट जाण्याचा आणखी एक प्रकार खास आपल्या हवामानाचा आहे. नियमांप्रमाणे उंदरांच्या खोलीचे तापमान १८ ते २९ अंशांच्या दरम्यान हवे. मे महिन्यात बाहेर ४३ अंश असताना ते राखायला वातानुकूलन अखंड चालावे लागते. एका महाविद्यालयात (नाव सांगत नाही) रात्री वीज गेली, जनरेटरमध्ये डिझेल नव्हते, आणि सकाळी परिचराने खोली उघडली तेव्हा पिंजऱ्यांतले चाळीसएक उंदीर भुशात आडवे पडलेले होते. त्याहून मला लागलेली गोष्ट पुढची होती: उरलेल्या प्राण्यांवर प्रयोग तसाच चालू ठेवायचा असे ठरत होते. उष्म्याने होरपळलेल्या उंदराची साखर, वजन, सूज, कशालाच अर्थ उरत नाही. मी आक्षेप नोंदवला, प्रबंध एक सत्र पुढे गेला आणि त्या मुलाचे वडील माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी येत होते, तेव्हा एका समितीत आम्ही नवा प्रयोग सुरू करायचाच नाही असे ठरवले. माणसे घागरी घेऊन रांगेत उभी असताना पिंजरे धुवायला पाणी मागणार कुठल्या तोंडाने, आणि न धुता ठेवले तर त्या प्राण्यांचे काय, याचे उत्तर कुणाकडेच नव्हते.

आजोबांच्या बोलण्यावर मी सगळ्यात जास्त विचार केला. त्यांना पटवायला जाऊ नका. मात्र त्यांना गिधाडांची गोष्ट सांगा. आमच्या लहानपणी गावाबाहेरच्या हाडकीवर गिधाडे दाटीने बसत. १९९० च्या दशकात ती दिसेनाशी झाली. कारण निघाले डायक्लोफिनॅक, जे सुजेवर आणि तापावर आम्ही पशुवैद्यक गुरांना सर्रास टोचत होतो. मीही टोचले आहे, आणि मला वाटत होते की मी गाईचे दुःख कमी करतो आहे. ते औषध घेतलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले की गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ मध्ये गुरांसाठी ते बंद झाले. त्याच्या जागी कोणते औषध द्यायचे, हे कळणार कसे? पाळलेल्या गिधाडांनाच मेलॉक्सिकॅम देऊन पाहिले, ते त्यांना सोसले, म्हणून आज आम्ही ते वापरतो. किटोप्रोफेन दिले तेव्हा काही गिधाडे मेली, म्हणून ते नको हे कळले, आणि २०२३ मध्ये गुरांसाठी त्यावरही बंदी आली. हातावर मोजता येतील इतकी गिधाडे त्या परीक्षेत गेली आणि उरलेल्या जातीसाठी वाट मोकळी झाली. प्रयोगाचा लाभ प्राण्याला होत असेल तर आजोबांचा आक्षेप टिकतो का, हे मला खरोखर त्यांच्याकडून ऐकायचे आहे. मारलेल्या त्या गिधाडांना कुणी विचारले होते, असे ते म्हणाले, तर माझ्यापाशी उत्तर नाही.

तर तुम्ही काय करावे? औषधशास्त्र घ्यायचे असेल तर जरूर घ्या, आणि मार्गदर्शक निवडण्याआधी त्यांच्या मागच्या पाच विद्यार्थ्यांचे प्रबंध ग्रंथालयात जाऊन चाळा. पाचही प्रबंधांत अर्क, पाच गट आणि सहा उंदीर असतील तर दुसरे मार्गदर्शक शोधा. पेशींवर, रुग्णालयातल्या नोंदींवर, औषधांच्या दुष्परिणामांच्या निरीक्षणावर उत्तम प्रबंध होतात, आणि आपल्या जिल्हा रुग्णालयांत अशा नोंदींचे ढीग कुणाची तरी वाट पाहत पडलेले आहेत. यात प्राणी वापरणे तुम्हाला टाळता येईल आणि कुणी तुम्हाला कमी लेखणार नाही. प्राण्यांशिवाय सुटणारच नाही असा प्रश्न तुमच्या हाती आला, तर आधी तो कुणी सोडवलेला नाही याची खात्री करा, संख्याशास्त्र शिकवणाऱ्यांकडे बसून आकडा काढा, कोणत्या प्राण्याला औषध मिळाले हे मोजणाऱ्याला कळणार नाही अशी व्यवस्था लावा, आणि प्राणी किती वेदनेत गेला की प्रयोग तिथेच थांबवायचा, ते सुरू करण्याआधी लिहून ठेवा.

फॉर्म बी मध्ये प्रयोग संपल्यावर प्राण्यांचे काय करणार, असा एक रकाना असतो. बहुतेक मुले तो सगळ्यात शेवटी, मागच्या अर्जावरून उतरवून भरतात. तुम्ही तो सगळ्यात आधी भरा. आणि जो दिवस तिथे लिहाल त्या दिवशी प्राणिगृहात स्वतः हजर राहा, ते काम परिचरावर टाकू नका.